आधी रात्रपाळी बोलेल

औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात आली, त्या सकाळी रात्रपाळीच्या मावशी चपला घालून दारात थांबल्या होत्या. सहा वर्षं त्या मला ‘अरे’ म्हणत आल्या होत्या. कामाच्या पहिल्या आठवड्यात उलटी पुसताना मला भडभडून आलं, तेव्हा माझ्या हातातली बादली काढून घेणाऱ्या त्याच. “जा, तोंडावर पाणी मारून ये,” म्हणाल्या आणि राहिलेलं त्यांनी पुसलं. त्या सकाळी मात्र त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, “सर, मी निघू का?”

मी मान हलवली. त्या गेल्या. रात्री कोण झोपलं, कोण जागं राहिलं, कुणाचं पोट बिघडलं, हे सांगितल्याशिवाय त्या एरवी कधी फाटकाबाहेर पडत नसत. त्या दिवशी काही न सांगता गेल्या. सरांना असलं सांगायचं नसतं, असं त्यांना वाटलं असणार. आणि मलाही ते तेव्हा खटकलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

ही २०१९ सालची गोष्ट. आमची संस्था लातूर जिल्ह्यात, गावापासून थोडी बाजूला. अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांग माणसांचं हे राहतं घर आहे. कागदावर पूर्वी ‘मतिमंद’ लिहायचे, गावात अजून ‘येड्यांची शाळा’ म्हणतात. ही शाळाही नाही आणि हे वेडही नाही. मानसिक आजार कुणालाही कुठल्याही वयात होऊ शकतो. बौद्धिक अक्षमता वाढीच्या वयातच येते आणि जन्मभर सोबत राहते. आमच्याकडं ४२ जण. सगळ्यांत लहान एकोणीस वर्षांचा, सगळ्यांत मोठ्या बाई एक्कावन्नच्या. कुणाला डाउन सिंड्रोम, कुणाला सेरेब्रल पाल्सी, दोघं स्वमग्न, तेराजणांना फिट येते. सांभाळायला तिन्ही पाळ्या मिळून बारा काळजीवाहक. मी त्यातलाच एक होतो. मधली दोन वर्षं जाऊन विशेष शिक्षणाची पदविका केली आणि परत आलो तो या बाराजणांचा पर्यवेक्षक म्हणून.

इथं मी कुणाचंच नाव घेत नाही. ज्यांच्या अंगाच्या, पोटाच्या गोष्टी सांगतोय, ती माणसं आजही तिथं राहतात. नात्याच्या हाकेनंच सांगतो. खरं तर तीही नंतर आणलेली पद्धत. आधी आम्ही सगळ्यांनाच ‘लेकरं’ म्हणायचो. पन्नाशीतल्या बाईला ‘ए लेकरा, चल आंघोळीला’. त्यात माया होती, मी नाकारत नाही. पण लेकराला कुणी विचारत नाही, आंघोळ आत्ता करतोस का थोड्या वेळानं. त्याला उचलून नेतात. अण्णा, आक्का, तात्या म्हणायला लागल्यावर काहीजणांच्या तोंडून आपोआपच ‘येता का?’ निघायला लागलं. सगळ्यांच्या नाही.

मावशींकडून मी काय शिकलो, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आमच्याकडं टँकर यायचा, पण ते पाणी प्यायला, स्वयंपाकाला आणि संडासला. आंघोळी बंद. एक तांब्या पाणी, दोन फडकी आणि एक माणूस, असा हिशोब. तेव्हा माणसं कमी होती, मावशी बायकांकडं आणि पुरुषांकडं, दोन्ही बाजूंना बघायच्या. मी घाईघाईनं पुसत होतो. त्या माझ्यामागं येऊन म्हणाल्या, “नुसतं पुसू नको. बघत पुस.”

मग त्यांनी दाखवलं. काखेत, जांघेत गळू येतंय का. माकडहाडावर कातडी लाल दिसली तर बोट दाबून बघायचं. बोट काढल्यावर पांढरट होऊन परत लाल झाली तर ठीक, लाली हललीच नाही तर तिथं जखम व्हायला लागली. पोटावर सपाट हात ठेवून बघायचं, मऊ लागतंय का डब्यासारखं कडक. जिभेवर थर आहे का. लघवीला कसा रंग. कान ओढतंय का, हनुवटी दाबतंय का. त्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांना सही सोडून काही लिहिता येत नाही. दोन वर्षांच्या पदविकेत मला जे शिकवलं, त्यातलं बरंचसं मला आधीच येत होतं, ते या एका उन्हाळ्यामुळं.

आणि तरीही किल्ली हातात आल्यावर मी पहिलं काम काय केलं? तक्ता काढला. तेरा रकान्यांचा. झोप, जेवण, पाणी, शौच, लघवी, फिट, औषध, वर्तन, वर्तनाआधी काय घडलं, नंतर काय केलं, असं सगळं. तक्ता चुकीचा नव्हता, शिकलो तसाच होता. पण आमच्या बाराजणांत पाचजणांनाच धड लिहिता येतं. रात्रपाळीचा रकाना दिवसपाळीचा एक मुलगा भरायचा, मावशी खाली सही करायच्या. रोज एकच शब्द, ‘ठीक’. दोन महिने माझ्या फाइलमध्ये सगळ्यांच्या रात्री ठीक होत्या आणि मी ती फाइल वर दाखवत होतो.

त्याच दोन महिन्यांत आक्कांचं सुरू झालं. आक्का अडतीस वर्षांच्या. शब्द मोजून दहा-बारा. स्वभावानं शांत, फुलवाती वळायला बसल्या की दोन-दोन तास उठत नाहीत. त्या अचानक स्वतःच्या गालावर थपडा मारून घ्यायला लागल्या. जेवणाचं ताट समोर आलं की भिरकावून द्यायच्या. दिवसपाळीच्या दोघीजणी हात धरून बसायच्या आणि तिसरी भरवायची. मी तक्त्यात लिहिलं, ‘वर्तन समस्या’. मनोविकारतज्ज्ञांकडं नेलं. पाच मिनिटांत बघून झालं, रिस्पेरिडोन या शांत करणाऱ्या गोळीचा डोस वाढला. डॉक्टरांना दोष देत नाही. मी त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी दिलं. मी सांगितलं होतं, मारून घेतात, ताट फेकतात. बस्स.

आक्का सुस्त झाल्या. मान लुळी पडायला लागली, तोंडातून लाळ गळायची. थपडा कमी झाल्या, कारण हातच उचलत नव्हता. मी मनात म्हटलं, फरक पडतोय.

मग एका रात्री पुरुषांकडचे मामा आले नाहीत, घरी कुणी आजारी होतं, म्हणून मी स्वतः थांबलो. तीनच्या सुमाराला बायकांच्या खोलीच्या बाहेरून जाताना दिसलं, मावशी खाटेवर बसल्यात, आक्कांचं डोकं त्यांच्या मांडीवर, आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्या आक्कांच्या डाव्या गालाला लावून धरतायत. तव्यावर गरम केलेलं मीठ होतं ते. मी दारातूनच विचारलं, काय झालं.

“दाढ हाय,” मावशी म्हणाल्या. “डाव्या कुशीवर निजत न्हाई ही. भाकरी उजवीकडूनच चावायलीय, तीबी दुधात कुस्करून दिली तर. पंधरा दिस झाले असतील.”

“मग मला सांगितलं का नाही?”

त्यांनी फडकं उलटं केलं, दुसरी बाजू गालाला लावली. “मला लिव्हायला येतंय का? आन् तुमी इचारलं कवा?” जरा थांबून पुढं म्हणाल्या, “सर.”

मी मोबाइलच्या उजेडात बघितलं. हिरडी सुजून दाढेवर चढली होती, कडेला पिवळट पू. पंधरा दिवस त्या माणसाची दाढ ठणकत होती आणि आम्ही दोन्ही हात धरून तिच्या तोंडात घास कोंबत होतो. बोलता येत नाही म्हणून तिनं ताट फेकलं. त्यावर आम्ही तिला गुंगीची गोळी वाढवून दिली. तीन ते सहा मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. मावशींना काय बोलावं सुचत नव्हतं. सहाला मीच चहा केला आणि त्यांना म्हटलं, “मावशी, मला पहिल्यासारखं ‘अरे’ म्हणा.” त्या काही बोलल्या नाहीत. चहा प्यायल्या आणि घरी गेल्या. ‘सर’ तसंच राहिलं. ते आता राहणारच, हे मी नंतर समजून घेतलं. हाक बदलून घेण्यापेक्षा मला त्यांचं ऐकून घ्यायचं होतं.

दाढेचं थोडक्यात सांगतो. पहिल्या ठिकाणी आक्कांना दारातूनच परत पाठवलं. खुर्चीत बसणार नाहीत, इतर पेशंट घाबरतात, म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी दिली आणि आम्ही त्या पाच दिवसांत आक्कांची तयारी करून घेतली. व्हरांड्यात मागं कलणारी खुर्ची, मावशींच्या हातात छोटा आरसा आणि टॉर्च. आधी मावशी खुर्चीत बसणार आणि आक्का त्यांच्या तोंडात उजेड पाडणार. मग उलटं. ‘आ’ करून दहा अंक. तिसऱ्या दिवशी दहापर्यंत पोचलो. दाढ काढताना मावशी सोबत होत्या. हात धरला होता, पण तो आक्कांनी त्यांचा धरला होता. दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी आक्कांनी वरणभाताचं ताट पुसून खाल्लं. वाढवलेली गोळी डॉक्टरांना सांगून उतरवली. अशी गोळी एकदम बंद करायची नसते, त्याला दीड महिना गेला.

त्यानंतर मी तक्ता बाजूला ठेवला आणि पाळी बदलण्याची पद्धत बदलली. सकाळची पाळी सातची. जाणारे सातला निघायचे, येणारे सातला यायचे, फाटकात एकमेकांना रामराम व्हायचा आणि सगळी रात्र त्यांच्यासोबत घरी जायची. मी दिवसपाळीला पावणेसातला बोलावलं आणि रात्रपाळीला सात-पाचपर्यंत थांबवलं. व्हरांड्यात सतरंजी, चहा, आणि एकच नियम: आधी रात्रपाळी बोलेल. पर्यवेक्षक सगळ्यांत शेवटी. आणि मी विचारणार एकच, काल रात्री रोजच्यापेक्षा वेगळं काय होतं?

पहिला महिना कुणी बोललं नाही. सगळे खाली बघून चहा प्यायचे. दिवसपाळीच्या एका बाईंची बस पावणेसातला यायचीच नाही, त्यांची कुरकुर रास्त होती. त्यांच्यासाठी दुपारची पाळी करून दिली. प्रत्येक पाळीला येताना पंधरा आणि जाताना पाच, अशी वीस मिनिटं जास्त द्यायची तर त्याचे पैसे काय, असं एका मामांनी विचारलं. तेही रास्त होतं. आमच्या लोकांचं मानधन आधीच तुटपुंजं, त्यात वरून अनुदान आलं नाही म्हणून तीन-तीन महिने थकलेलं. मी पैसे वाढवून देऊ शकलो नाही. महिन्याच्या वीस-वीस मिनिटांची बेरीज करून पूर्ण एक दिवस सुट्टी द्यायला मात्र लावली, आणि ती आजही देतो. लोकांकडून वेळ फुकट घेऊन वर त्यांना सेवा कशी करावी हे सांगणं मला पटत नाही.

बोलायला सुरुवात झाली ती मावशींमुळंच. एका सकाळी त्या आपण होऊन म्हणाल्या, “कोपऱ्यातला दादा चार दिस झाले संडासला गेला न्हाई, आज कुणाला तरी चावणार.” दिवसपाळीच्या मुलाला पटेना. मी मागची पानं चाळली. दादा जेव्हा जेव्हा कुणाला चावले होते, त्याआधी तीन-चार दिवस पोट साफ नव्हतं. आमच्या माणसांत हे फार आढळतं. हालचाल कमी, पाणी कमी, फिटच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही पोट बांधलं जातं, आणि ‘पोट दुखतंय’ हे शब्द नसतात. त्या दिवशी इसबगोल, कोमट पाणी, दुपारी पपई, आणि मैदानाला चार फेऱ्या. दादा संध्याकाळी मोकळे झाले. कुणाला चावले नाहीत. दिवसपाळीचा तो मुलगा दुसऱ्या दिवशी सतरंजीवर मावशींच्या शेजारी येऊन बसला.

तेरा रकान्यांचे चार झाले: झोप, खाणंपिणं, पोट, अंग. प्रत्येकापुढं चित्र, लिहिता येत नसेल तर खूण करा. आणि रात्री काही दिसलं की मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून मला पाठवा. मावशींना नातवानं शिकवलं. सुरुवातीला त्या मोबाइल तोंडापासून हातभर लांब धरून ओरडायच्या, खोलीतले सगळे जागे व्हायचे.

शिकवण्याचं म्हणाल तर मी फळा वापरणं सोडून दिलं. भरवणं शिकवायचं होतं तेव्हा जोड्या लावल्या. एकानं उताणं झोपायचं, डोळे मिटायचे, हात बाजूला. दुसऱ्यानं त्याला न सांगता वरण-भाताचा घास भरवायचा. आठ-दहा वर्षं भरवत आलेल्या एक बाई दुसऱ्याच घासाला ठसकल्या आणि उठून बसल्या. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, “कवा येतोय ते कळतच न्हाई की ओ.” मग बसून, पाठीला उशी, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि खालून, आधी दाखवायचा, गिळल्याचं गळ्यावर दिसलं की पुढचा घास. त्यानंतर झोपवून भरवू नका, असं मला कुणाला सांगावं लागलं नाही.

फिटचं तर याहून अवघड. तेरा माणसं, त्यामुळं महिन्यात एक-दोनदा होतंच. आमच्याकडं नवीन आलेल्या प्रत्येकाच्या मनात घरचं शिक्षण पक्कं असतं: कांदा फोडून नाकाला लाव, चप्पल हुंगव, मुठीत लोखंड दे, दातात चमचा घाल. एकदा नवा मुलगा पायातली चप्पल काढूनच धावला. मी त्याला सगळ्यांसमोर बोललो नाही. त्याची आजी त्याच्या काकाला हेच करायची. काका शुद्धीवर यायचा, म्हणजे चपलेनं आला असंच त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते, चप्पल हुंगवा किंवा नका हुंगवू. हे त्याला सांगून पटणार नव्हतं. पुढच्या वेळी मी त्याच्या हातात फक्त घड्याळ दिलं. बाकी मी करतो, तू सेकंद मोज. भोवतालची बाकडी सरकवली, डोक्याखाली घडी घातलेली चादर, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही, जरा ढिलं पडलं की कुशीवर. त्यानं मोठ्यानं मोजलं. एकशे दहाला झटके थांबले. तो माझ्याकडं बघतच राहिला. आता नवीन आलेल्यांना तोच शिकवतो. पाच मिनिटांच्या पुढं गेलं तर डॉक्टरांनी ज्यांना लिहून दिलाय त्यांना नाकातला स्प्रे आणि १०८ ला फोन, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलंय.

आता जे सांगायला जड जातं ते. आमच्याकडं ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची काढणी. बायामाणसांना शेतात रोजानं आमच्या दिवसाच्या मानधनापेक्षा जास्त मिळतं, आणि बऱ्याचजणांचं स्वतःचंही रान असतं. त्या वर्षी एका आठवड्यात चारजण आले नाहीत. मी एका पोराला म्हटलं, तू दोन पाळ्या कर. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आमच्यातल्या एका चोवीस वर्षांच्या मुलाच्या कानाखाली मारली. त्या मुलानं याचे केस धरून ओढले होते, सुटत नव्हते.

खोलीत आणखी दोन काळजीवाहक होते. दोघांनीही मला सांगितलं नाही. सांगितलं ते तात्यांनी. तात्यांना बोलताना फार कष्ट पडतात. ते माझ्या टेबलापाशी आले, माझा हात धरून मला त्या खोलीपर्यंत नेलं, स्वतःचा तळवा स्वतःच्या गालावर आपटला आणि त्या मुलाकडं बोट केलं. मग मारणाऱ्याकडं.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ९२ मध्ये दिव्यांग व्यक्तीवरच्या अत्याचाराला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मला ते पाठ होतं. पाठ असलेलं प्रत्यक्ष उभं राहिलं की हात कापतात. त्याच तासाला त्या पोराला कामावरून बाजूला केलं, लेखी घेतलं, संस्थेच्या लोकांना बोलावलं आणि संध्याकाळच्या आत मार खाल्लेल्या मुलाच्या घरच्यांना फोन केला. काय झालं, कुणी केलं, तक्रार द्यायची असेल तर मी सोबत येतो, असं स्पष्ट सांगितलं. पलीकडून वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “साहेब, एखादी चापट मारली तर मारली. लेकराला काढू नका म्हंजे झालं.”

माझ्या इतक्या वर्षांत याच्याइतकं वाईट मी काही ऐकलेलं नाही. आपल्या मुलाला मारलं याचा राग करायचीही त्या माणसाला सोय नव्हती. मुलगा मार खाऊन तरी आत राहावा, एवढीच त्याची मागणी. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की तुमच्या मुलाची जागा कुठंही जात नाही. तक्रार त्यांनी दिली नाही. आम्ही चौकशी पूर्ण केली, त्या पोराला पुन्हा कामावर घेतलं नाही. तो जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, “सर, दोन रात्री झोपलो नव्हतो.” हे खरं होतं. पाळ्यांचा कागद माझ्या हातचा होता. मारल्याचं समर्थन होत नाही, होऊ नये. पण चौकशीच्या अहवालात मी माझंही नाव लिहिलं, सलग पाळ्या मी लावल्या म्हणून. तेव्हापासून सलग दोन पाळ्या कुणालाच नाही, काही झालं तरी नाही. सुट्ट्यांचा कागद पोळ्यालाच करतो. कुणाचं सोयाबीन कधी निघणार, कुणाचं माणूस दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणार, हे विचारून. माणूस कमी पडलं तर मी, लेखनिक आणि स्वयंपाकघरातले उभे राहतो. फुलवाती, कागदी पिशव्या करण्याचं काम त्या दिवशी बंद. पिशव्या राहिल्या तरी चालतात.

आणि आणखी एक धरलं. राहणाऱ्यांपैकी कुणी खुणेनं सांगितलं, ओढत नेऊन दाखवलं, तर ती नोंद काळजीवाहकाच्या नोंदीइतकीच धरायची.

तात्यांचं नंतर वेगळंच सुरू झालं. त्यांना डाउन सिंड्रोम आहे, वय सत्तेचाळीस. रोज आपली खाट आपण झटकणारे तात्या खाटेसमोर नुसते उभे राहायला लागले. संडासची वाट चुकायला लागली. “आळशी झालेत,” “मुद्दाम करायलेत,” असं सतरंजीवर दोन-तीनजण म्हणाले. मी सांगितलं की डाउन सिंड्रोम असलेल्यांत विसरण्याचा आजार इतरांपेक्षा खूप आधी, चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो. पण तेवढ्यावर शिक्का मारायचा नाही. त्यांच्यात थायरॉइड बिघडतं, मोतीबिंदू लवकर येतो, कान भरतात, आणि या सगळ्यानं माणूस असाच बावरतो. तपासलं. थायरॉइड बिघडलेलं निघालं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूही. ऑपरेशनच्या वेळी सही कुणाची, यावर दोन महिने गेले. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांना माहीतच नसतं. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. तात्यांचे आईवडील नाहीत, भाऊ पुण्याला. शेवटी भाऊ आले, कागद झाले. गोळी सुरू झाली, डोळे झाले, तात्या निम्मे परत आले. निम्मे आले नाहीत.

त्या निम्म्यासाठी काय करायचं, ते मामांनी शोधलं. तात्यांना येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाची फार ओढ. त्या दिवशी आम्ही सगळे शेजारच्या शेतात जातो, कडब्याची कोप म्हणजे खोपटं, भज्जी, आंबील. कोपीवर घातलेली पिवळी शाल तात्यांना लांबून ओळखू यायची. मामांनी तसलंच पिवळं कापड आणून संडासच्या दाराला लावलं. दुसऱ्या दिवशीपासून तात्या रात्री एकटे जाऊन यायला लागले. मी वाचलं होतं, दाराला वेगळा ठळक रंग द्यावा. पण कुठला रंग, हे मामांना ठाऊक होतं.

मावशी आता साठीला आल्यात. गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही, सतरंजीऐवजी त्यांना खुर्ची असते. अजून आधी त्याच बोलतात. परवा पहाटे पावणेपाचला त्यांचा आवाज आला मोबाइलवर. आता त्या हळू बोलतात. मागं पंख्याचा आवाज, कुणाचं तरी घोरणं.

“आक्का जागी हाय. अंग गार हाय, ताप न्हाई. पोट मऊ हाय. पाणी पिली. खिडकी बंद कर मनली. मी मनलं, गरमायलंय की. तर मनली, बंद.” मग थोडा वेळ नुसता पंखा. “तर केली बंद.”